सोळाशे अश्वशक्तीचं ‘खेळणं’: डच ६४०० इंजिनांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी रॉटरडॅमजवळ राहतो. इथे डोक्यावर विजेच्या तारा असतानाही मालगाड्यांना डिझेल इंजिनं लावलेली दिसतात, तीही दोन-दोन जोडून. ६४०० क्रमांकाच्या मालिकेतली ही इंजिनं जेमतेम सोळाशे अश्वशक्तीची आहेत असं वाचलं. आपल्याकडची चार हजारांची इंजिनं पाहिलेल्या माणसाला ही खेळणी वाटतात. डच रेल्वेने एवढी लहान इंजिनं का घेतली? त्यांच्यात तंत्र म्हणून काही विशेष आहे का?”

माझी नोकरी डिझेल लोको शेडमध्ये झाली. तिशीपासून साठीपर्यंत ट्रॅक्शन मोटरी (धुरे फिरवणाऱ्या विजेच्या मोटरी) उतरवणं, तपासणं आणि परत चढवणं हेच केलं. त्यामुळे ‘खेळणं’ या शब्दापाशीच आधी अडतो.

आपलं डब्ल्यूडीएम-२ घ्या, भारतीय डिझेलचा कणा म्हणावं असं इंजिन. २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. म्हणजे टनामागे तेवीस अश्वशक्ती. डच ६४०० ची ताकद ११८० किलोवॅट, म्हणजे साधारण १६०० अश्वशक्ती, आणि वजन ८० टन. टनामागे वीस. फरक फार नाही. आपल्याकडे सहा धुऱ्यांवर जेवढं एका जागी ठेवलं, तेवढं त्यांनी चार धुऱ्यांच्या तुकड्यांत ठेवलं आणि लागतील तेवढे तुकडे जोडायची सोय करून घेतली. हा हिशेब त्यांनी विचार करून मांडला होता, आणि त्याची मुळं ६४०० च्या तीस वर्षं आधीची आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर डच रेल्वेची अवस्था वाईट होती. रूळ, पूल, गाड्या, बरंच काही उद्ध्वस्त झालं होतं किंवा पळवून नेलं होतं. वाफेची इंजिनं पुन्हा उभी करण्यात पैसे घालण्यापेक्षा मुख्य मार्ग विजेवर न्यायचे आणि उरलेलं डिझेलवर, असा निर्णय झाला. ७ जानेवारी १९५८ ला ३७३७ क्रमांकाचं वाफेचं इंजिन उत्रेख्तच्या मालीबान स्टेशनात, रेल्वे संग्रहालयात, स्वतःच्या वाफेवर गेलं आणि डच रेल्वेवरचं वाफेचं युग संपलं. भारतात आपण त्यानंतरही वाफेची नवी इंजिनं बांधत होतो, हे जाता जाता.

वाफेची जागा घ्यायला डिझेलचे दोन मोठे वर्ग आले. पहिला २४००, फ्रान्सच्या आल्स्टॉमने बेलफोरला बांधलेला. १३० नग, प्रत्येकी ८५० अश्वशक्ती, वजन अवघं ६० टन, कमाल वेग ताशी ८० किलोमीटर. दुसरा २२००, १५० नग. त्यातली शंभर रॉटरडॅमच्या अॅलन कारखान्यात आणि पन्नास फ्रान्सच्या श्नेदेरकडे तयार झाली. आराखडा अमेरिकेच्या बाल्डविनचा आणि विजेचं सामान हेंगेलोच्या हेमाफचं, वेस्टिंगहाउसच्या परवान्यावरचं. हे ९०० अश्वशक्तीचं आणि ताशी १०० किलोमीटर धावणारं. २४०० मालिकेतलं शेवटचं, २५३० क्रमांकाचं इंजिन वेगळ्या, उंच केबिनचं होतं आणि त्याला जांभळा रंग दिला होता. लोकांनी त्याचं नाव ‘बिशप’ पाडलं. रेल्वेची माणसं कुठल्याही देशातली असोत, टोपणनाव ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

यातलं एकही इंजिन एकट्याने जड गाडी ओढण्याइतकं मोठं नव्हतं. लिम्बुर्खच्या खाणींतला कोळसा निघाला की दोन-तीन जोडून लावायची. एकाच केबिनमधून सगळी चालवता यायची. आपल्या शेडच्या भाषेत ‘एम.यू.’, मल्टिपल युनिट. म्हणजे सवय तेव्हापासूनची. दिवसा यार्डात एकेक इंजिन शंटिंग, म्हणजे डब्यांची जोड-तोड, करतंय, रात्री तीच तीन इंजिनं एकत्र येऊन लांब पल्ल्याची गाडी नेतायत. छोट्या देशात, जिथे मालगाडीचा पूर्ण प्रवासच दोन-तीन तासांचा असतो, तिथे यासारखी सोय नाही. मोठं इंजिन दिवसातला बराच वेळ पुढच्या गाडीची वाट पाहत उभं राहिलं असतं.

मग कोळसाच गेला. १९५९ मध्ये उत्तरेला स्लॉख्तेरेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि १९६५ च्या डिसेंबरमध्ये मंत्री योप डेन आउल यांनी हेरलेनला जाऊन खाणी बंद होणार हे जाहीर केलं. १९७४ च्या अखेरीस शेवटची खाण मिटली. रेल्वेचा हक्काचा माल नाहीसा झाला. त्याच्या जागी रॉटरडॅम बंदरातून येणारे कंटेनर, जर्मनीच्या पोलाद कारखान्यांसाठीचं खनिज आणि रसायनांच्या टाक्या आल्या. १९८० मध्ये रॉटरडॅम आणि डोर्ड्रेख्तच्या मधे कैफहूकचं नवं हंप यार्ड (डबे उंचवट्यावर ढकलून उतारावरून वेगवेगळ्या रुळांवर सोडायचं यार्ड) सुरू झालं आणि विखुरलेलं शंटिंग तिथे एकवटलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर २२०० आणि २४०० तिशीला आली होती. डिझेल इंजिनाला तीस हे निवृत्तीचंच वय.

नव्या इंजिनाचं काम गेलं कीलच्या माककडे, म्हणजे क्रुप समूहातल्या कारखान्याकडे. हे मला कायम गमतीचं वाटत आलं आहे. जर्मनी हा डिझेल-हायड्रॉलिकचा बालेकिल्ला. तिथे ताकद चाकापर्यंत नेतात ती तेलाच्या टर्बाइनमधून आणि दांड्यांमधून. माकनेही तशीच इंजिनं वर्षानुवर्षं विकली होती. पण १९८२ पासून त्यांनी डीई १००२ नावाचं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन काढलं. डीई म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिक, आणि दहा म्हणजे हजार किलोवॅटच्या गटातलं. कोलोनच्या आसपासच्या बंदर आणि औद्योगिक रेल्वेंनी ते घेतलं होतं. डच ६४०० हे त्याचंच वाढवलेलं भावंड. १९८८ ते १९९४ या काळात ६४०१ पासून ६५२० पर्यंत १२० नग आले. जुने २८० नग जाऊन नवे १२०. माल घटला होता हे खरं, पण एवढ्याने हा आकडा सुटत नाही. बाकीचं उत्तर मोटरीत आहे.

आता माझ्या आवडीचा भाग, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

जुन्या २२०० मध्ये काय होतं? डिझेल इंजिन डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) जनरेटर फिरवणार आणि तो धुऱ्यांवरच्या डीसी मोटरींना वीज देणार. आपलं डब्ल्यूडीएम-२ सुद्धा मोटरींच्या बाबतीत याच कुळातलं. डीसी सिरीज मोटर सुरुवातीला जबरदस्त ओढते, म्हणून शंभर वर्षं रेल्वेने तिच्यावर जीव टाकला. पण तिच्या पोटात कम्युटेटर असतो, तांब्याच्या पट्ट्यांचा गोल ढोल. त्यावर कार्बन ब्रश घासत राहतात. माझ्या उमेदीतली अर्धी वर्षं त्या ढोलावर गेली. पावसाळ्यात घाटातून आलेल्या इंजिनाची मोटर उघडली की कधी आत सगळं काळं: कार्बनची पूड, ओल आणि फ्लॅशओव्हरने, म्हणजे ठिणगीच्या भडक्याने, जळालेल्या पट्ट्या. ड्रायव्हर सांगायचा, “साहेब, एक ठो झाला आणि पॉवर गेली.” शिवाय डीसी मोटरला हळू चालताना जास्त करंट पाजला की ती तापते. म्हणून प्रत्येक इंजिनाला एक किमान वेग ठरलेला असतो. त्याच्या खाली पूर्ण ओढीत किती मिनिटं चालवायचं, याची मर्यादा. कॅसलरॉक ते कुळे हा १ ला ३७ चढाचा घाट ज्यांनी डीसी मोटरींच्या काळात पाहिलाय, त्यांना ॲमीटरवर डोळे लावून बसलेला ड्रायव्हर आठवेल.

६४०० मध्ये वेगळी साखळी आहे. इंजिन आल्टरनेटर फिरवतं. त्यातून निघालेली त्रिफेज वीज रेक्टिफायरमधून जाऊन डीसी होते. हा मधला डीसी टप्पा म्हणजे पाण्याची टाकी समजा. त्या टाकीतून इन्व्हर्टर पुन्हा त्रिफेज वीज तयार करतो, पण आता हवी ती वारंवारता आणि हवा तो व्होल्टेज. ही वीज चार असिंक्रोनस मोटरींना जाते. त्यांत ना ब्रश, ना कम्युटेटर. तुमच्या गिरणीतल्या, शेतातल्या पंपाच्या मोटरीची ही थोरली बहीण. ती गरीब आणि मजबूत मोटर रेल्वेला आधी का चालली नाही? कारण तिचा वेग वारंवारतेला बांधलेला असतो, आणि धावत्या इंजिनात वारंवारता शून्यापासून हळूहळू चढवत नेईल असं यंत्र फार उशिरा आलं. थायरिस्टर कुळातले मोठे स्विच हाताशी आल्यावर ते जमलं. ब्राउन बोव्हेरी आणि हेन्शेल या कंपन्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत डीई २५०० नावाची प्रायोगिक इंजिनं धावती करून हे सिद्ध केलं. ६४०० ची विजेची बाजू याच ब्राउन बोव्हेरीकडून आलेली. १९८८ मध्ये ती कंपनी स्वीडनच्या असेआमध्ये मिळून एबीबी झाली. त्याच एबीबीने १९९० च्या दशकात आपल्याला डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-५ ही त्रिफेज विजेची इंजिनं दिली. डिझेलमध्ये आपल्याकडे त्रिफेज आलं ते अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या डब्ल्यूडीजी-४ मधून, १९९९ च्या सुमारास. म्हणजे डच मालगाड्या या तंत्रावर आपल्या आधी दहाएक वर्षं धावत होत्या.

आता चाक घसरण्याचा मुद्दा. डीसी सिरीज मोटरचं चाक घसरलं की करंट पडतो, त्याबरोबर चुंबकीय क्षेत्रही पडतं, आणि मोटर आणखी वेग घेते. लगाम तुटलेल्या घोड्यासारखी. ड्रायव्हरने नॉच (ताकदीचा टप्पा) खाली आणेपर्यंत रुळावर चकचकीत खड्डा. असिंक्रोनस मोटरीत रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, नेहमी फिरत्या क्षेत्राच्या जरासा मागे धावतो आणि त्या मागे राहण्यातूनच ओढ तयार होते. चाक घसरून रोटर पुढे पळू लागला की अंतर मिटतं आणि ओढ आपोआप गळते. घसरणं स्वतःच स्वतःला आवरतं. अर्थात इन्व्हर्टरनेही रोटरच्या मागे वारंवारता पळवायची नाही, हे नियंत्रण शहाणं असावं लागतं. जिथे एका इन्व्हर्टरवर दोन मोटरी असतात तिथे चाकांचे व्यासही जवळजवळ सारखे राखावे लागतात, नाहीतर एक मोटर सगळं ओझं घेते आणि दुसरी मजा बघते. व्हील लेथवाल्यांना हे पटवताना शेडमध्ये भांडणं होतात.

फायदा किती? डब्ल्यूडीएम-२ सुरुवातीला आपल्या वजनाच्या पाव भागाच्या जरा वर ओढायचं. त्रिफेज इंजिन तिसरा हिस्सा सहज गाठतं, आणि डब्ल्यूडीजी-४ सारखं तर चाळीस टक्क्यांच्या वर जातं. ८० टनांचा तिसरा हिस्सा धरा: २६ टन ओढ. सपाट रुळावर दर टनामागे तीन किलो विरोध धरला तर २००० टनांच्या गाडीला ६ टन लागतात. १ ला १०० चा चढ आला की आणखी २० टन. बेरीज २६. म्हणजे एकटं ६४०० हे लोड बंदरातल्या किंवा पुलाच्या चढावरून काठावर का होईना, पण हलवतं. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत, पण नद्यांवरचे पूल, बोगद्यांचे उतार आणि एकमेकांवरून जाणारे मार्ग आहेत. त्यांचा चढ थोडा असतो, पण मालगाडी नेमकी तिथेच सिग्नलला उभी राहते.

वेगाचा हिशेब मात्र वेगळा. इंजिनाच्या ११८० किलोवॅटमधून कॉम्प्रेसर, पंखे आणि बाकीचं नुकसान वजा करून चाकापाशी हजार किलोवॅट धरले, तर २६ टनांची पूर्ण ओढ ताशी १४ किलोमीटरपर्यंतच मिळते. त्याच्यापुढे वेग वाढेल तशी ओढ कमी. ताशी ७२ ला पाच टन उरतात आणि गाडीला सहा हवेत. झालं, दुसरं इंजिन जोडा. तुम्हाला तारेखाली दिसणारी जोडी ती हीच. हलवायला एक पुरतं, पळवायला दोन लागतात. प्रवासी गाड्यांनी गच्च भरलेल्या डच मार्गावर मालगाडी रेंगाळली तर पुढची प्रत्येक लोकल अडते, म्हणून पळवणं महत्त्वाचं.

६४०० च्या पोटातल्या डिझेल इंजिनाबद्दलही दोन शब्द. एमटीयू या जर्मन कंपनीचं १२ सिलिंडरचं व्ही रचनेचं, ३९६ मालिकेतलं. ३९६ हा आकडाच सिलिंडरचं माप सांगतो: ३.९६ लिटर. आपल्या अल्कोचा (डब्ल्यूडीएम-२ मधलं अमेरिकी रचनेचं डिझेल) एक सिलिंडर जवळपास ११ लिटरचा, आणि तो मिनिटाला हजारएक फेऱ्यांवर चालायचा. एमटीयू १८०० च्या घरात फिरतं. म्हणून ते आटोपशीर, हलकं, लांब हुडखाली मावणारं. पण जास्त फेऱ्यांचं इंजिन आपल्या सवयीच्या माणसाला नाजूक वाटतं. अल्कोला आम्ही हातोडीने बोलायचो, एमटीयूला मापाच्या पट्टीने बोलावं लागतं. दोन्हीतलं कुठलं चांगलं हे शेडवर अवलंबून आहे.

केबिन मधोमध नाही, एका टोकाकडे सरकलेली आहे, दोन्ही बाजूंना हुड. आपल्या लाँग हूड–शॉर्ट हूड सारखंच. एका केबिनमधून दोन्ही दिशांना चालवायचं, शंटिंगच्या वेळी रूळ दिसायला हवेत आणि शंटरला पायरीवर उभं राहायला जागा हवी. कमाल वेग ताशी १२०. यार्ड आणि मुख्य मार्ग अशी दोन्ही कामं एकाच इंजिनाकडून करून घ्यायची, तर रूप असंच येणार.

आता तारेचा प्रश्न. तार मुख्य मार्गावर असते, पण माल मुख्य मार्गावर चढत-उतरत नाही. कंटेनर उचलणाऱ्या क्रेनखाली तार टाकता येत नाही, रसायनांच्या कारखान्यात ती कोणाला नको असते, बंदरातल्या साइडिंगला तिचा खर्च परवडत नाही. त्यामुळे विजेचं इंजिन लावलं तरी टोकाला डिझेल हवंच. इंजिन बदलायचं म्हणजे दोन इंजिनं, दोन ड्रायव्हर आणि एक मोकळी लाइन. पन्नास-शंभर किलोमीटरच्या प्रवासासाठी हे कोण करणार? दुसरी गोष्ट, जुन्या डच मार्गांवर तारेत १५०० व्होल्ट डीसी आहे. तीन मेगावॅट हवे असतील तर दोन हजार अँपिअर त्या तारेतून ओढावे लागतात. आपल्या २५ हजार व्होल्टच्या मार्गावर तेवढ्याच ताकदीला सव्वाशेच्या आसपास पुरतात. मुंबईच्या जुन्या १५०० व्होल्टच्या काळातल्या माणसांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

हे चित्र बदललं १६ जून २००७ ला. राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते बेतुवे मार्ग सुरू झाला. बंदरापासून जर्मन सीमेपर्यंत फक्त मालासाठी सुमारे १६० किलोमीटर. कैफहूकच्या पुढे २५ हजार व्होल्टची तार आणि रुळाकडेच्या सिग्नलांऐवजी केबिनमध्ये दिसणारी युरोपीय सिग्नल यंत्रणा. आता विजेचं एकच इंजिन बंदराच्या दाराशी गाडी धरून थेट जर्मनीत नेऊ लागलं.

त्याआधीच दुसरी स्पर्धा आली होती. २००० मध्ये डच रेल्वेची मालवाहतूक जर्मन रेल्वेच्या मालवाहतुकीत विलीन होऊन रेलियन तयार झाली आणि पिवळी-करडी ६४०० हळूहळू लाल होऊ लागली. खासगी कंपन्यांनी मात्र अमेरिकी रचनेचं क्लास ६६ आणलं. १२६ टन, सहा धुरे, ३२०० च्या आसपास अश्वशक्ती, आणि आपल्या डब्ल्यूडीजी-४ च्याच ७१० घराण्यातलं दोन-स्ट्रोक इंजिन. त्याच्या मोटरी डीसी होत्या, म्हणजे तंत्रात ६४०० च्या मागे. पण एक इंजिन, एक केबिन, एक बिल, आणि नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी तिन्हीकडे फिरण्याची परवानगी. ६४०० मधल्या फक्त काही इंजिनांवर शेजारी देशांची सिग्नल यंत्रं बसवलेली होती. बाकीची सीमेपाशी थांबायची. दोन ६४०० मिळून ताकद तीच पडते, पण देखभालीच्या वहीत दोन इंजिनांच्या नोंदी पडतात. तंत्रात पुढे असलेलं यंत्र हिशेबात मागे पडतं हे मी आपल्याकडेही पाहिलंय.

एक वेगळा फाटाही सांगतो. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात अडलेली गाडी ओढून काढायला युरोटनेलने माकची याच कुळातली पाच इंजिनं घेतली, आणि पुढे दोन मूळची डच ६४०० सुद्धा. बोगद्यात काम करताना त्यांच्यासोबत धूर धुवून काढणारा डबा जोडतात. जे इंजिन तारेखाली दिसलं म्हणून तुम्हाला आश्चर्य वाटलं, तेच तार बंद पडल्यावर कामाला येतं.

६४०० पैकी बरीच आता विकली वा मोडीत गेली, उरलेली शंटिंग आणि टोकाच्या कामाला आहेत. बघायची असतील तर कैफहूककडे जा. हंपवर डबे ढकलताना पायी चालण्याच्या वेगाने इंजिन तासन् तास ओझं घेतं. डीसी मोटरीचा जीव तिथेच जातो, आणि ही त्रिफेज मोटर तिथेच निवांत असते. गाडी हलताना डिझेलच्या घरघरीकडे नको, खालच्या बारीक सुराकडे कान द्या. इन्व्हर्टर वारंवारता चढवतो तसा तो सूर टप्प्याटप्प्याने वर जातो. एखादं चाक घसरलं तर तो क्षणभर अडखळतो आणि परत जागेवर येतो. तोवर ड्रायव्हरने हातही हलवलेला नसतो.